पहिली फेरी रिकामी

आमच्या चाळीत मार्चमध्ये जे हृदयतपासणी शिबिर झालं, त्याचं आभारप्रदर्शन राहून गेलं होतं. ते आज करते. कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाला 'आभारप्रदर्शन : सौ. वैशाली घाडी' असं रीतसर छापलेलं होतं. भाषण मी पोळ्या लाटताना चार वेळा म्हणूनही पाहिलं होतं. पण कार्यक्रम तळापर्यंत पोचलाच नाही. लालबागमध्ये राहून माईक हातात यायची माझी ती पहिली आणि बहुतेक शेवटची संधी. ती गेली. आता चिमी झोपली आहे. चिमी म्हणजे माझी दीड वर्षाची लेक. दुपारी ती झोपली की मला पस्तीस मिनिटं मिळतात, खालच्या मजल्यावर कुणी खलबत्ता काढला तर वीस. तेव्हा थेट सुरुवात करते.

पहिले आभार एका कबुतराचे. ते कबूतर नव्हतंच, हा भाग वेगळा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चाळीला लिफ्ट नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण, माझे सासरे कोंडीराम घाडी, म्हणजे आमचे आप्पा, चौतीस वर्षं फोर्टातल्या एका कंपनीच्या इमारतीत लिफ्टमन होते. त्याआधी गिरणीत बदली कामगार. गिरणी बंद पडली आणि आप्पा त्या जाळीच्या दारातून लिफ्टमध्ये शिरले, ते निवृत्त होऊनच बाहेर आले. चौतीस वर्षं त्यांनी कुणा साहेबाला एक पायरी चढू दिली नाही, आणि रोज संध्याकाळी स्वतः छप्पन्न पायऱ्या चढून घरी आले. लग्नानंतर नव्या नवलाईत मी हा विनोद एकदा करून पाहिला. आप्पा हसले नाहीत. "घराक लिफ्ट कशाक व्हयी?" म्हणाले. "घरात कोण सायब आसा?"

निरोपाच्या वेळी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि लिफ्टमधलं लाकडी स्टूल दिलं. स्टुलावर ते नोकरीत कधी बसले नव्हते, कारण आत साहेब उभे. घरीही बसले नाहीत. आमच्या घरी त्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप बसतं.

नोकरीतली एकच गोष्ट ते अभिमानाने सांगायचे. रोज सकाळी साडेआठला, कुणी यायच्या आधी, ते लिफ्ट रिकामी वर नेऊन खाली आणायचे. वर दोर कुरकुरतोय का, मध्ये अडकतेय का, सगळं बघून मग दार उघडायचं. "पयली फेरी रिकामी," ते म्हणायचे. "सायब चढायच्या आधी आपण जावन येवचा. काय झाला तर आपल्याक होवंदे." मी एकदा म्हटलं, आप्पा, तुम्ही आत असताना ती रिकामी कशी? त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही.

तर कबूतर. आप्पा रोज सकाळी चिमीला कडेवर घेऊन खाली जातात आणि पाव घेऊन परत येतात. एके दिवशी त्यांच्याऐवजी मी गेले. येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चिमीने माझा कान धरला आणि बोट वर करून ओरडली, "कबू!" मी बघितलं. काहीच नव्हतं. त्या वळणावर गेल्या वर्षीच जाळी मारली आहे, तिथे कबूतर काय, डासही वाकून येतो. दुसऱ्या दिवशी परत तिथेच "कबू!" पोरगी नसलेला पक्षी रोज त्याच जागी बघते म्हटल्यावर आई गप्प कशी बसणार! आमच्या शेजारच्या कमळाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीठमोहऱ्या ओवाळून टाक." टाकल्या. "कबू" चालूच.

मग एका सकाळी मी वरच्या कठड्यावरून गुपचूप खाली बघत उभी राहिले. आप्पा चिमीला घेऊन वर येत होते. वळणावर थांबले. एका हाताने कठडा घट्ट धरला, दुसरी मूठ छातीवर दाबली, तोंड उघडं. आणि चिमीला संशय येऊ नये म्हणून, एकेक शब्दाला श्वास घेत म्हणाले, "बघ... गो... कबूतर." तीन मिनिटं दोघं त्या रिकाम्या जाळीकडे बघत होती. चिमी अगदी मन लावून.

त्या दिवशी पाव बशीत ठेवतानाच मी विषय काढला.

"आप्पा, जिन्यात दम लागतो ना?"

"गॅस आसा."

"आपण हार्ट दाखवून येऊ."

यावर मात्र आप्पा मोकळेपणी हसले. "माझा हार्ट? गो बाय, हार्टाचा दुखणा सायबांचा. माझ्या लिफ्टीतून तीन सायब गेले हार्टान. चौथ्या मजल्यावरचे दोन, पाचव्यावरचो एक. डोक्याक केवढो ताप तेंच्या! माका कसलो ताप? खालसून वर, वरसून खाली."

"आणि शिपाई, ड्रायव्हर, ते कुणी हार्टने नाही गेले?"

"तेंका खयचो हार्ट?"

"मग ते कशाने गेले?"

आप्पांनी खरंच विचार केला. "दगडू शिपाई... तो असोच गेलो. डबो खाल्ल्यान, आडवो झालो, उठलोच नाय. ड्रायव्हर गाडी पुसता पुसता बसलो, तो बसलोच. आणि वॉचमन..."

"तोही असाच?"

"असोच," आप्पा म्हणाले आणि पाव बुडवून खाऊ लागले.

नवऱ्याला सांगितलं. स्वप्नील औषधांच्या कंपनीचा माल दुकानोदुकानी पोचवतो. गाडीत रक्तदाबाच्या गोळ्यांची खोकी असतात आणि घरात बाप असा. तो म्हणाला, "तो माणूस स्वतःसाठी कधी छत्री घेत नाही, तू डॉक्टर कुठे घेऊन बसलीस!" शेवटी मी गावी फोन लावला. सासूबाई काजूच्या हंगामासाठी कणकवलीकडे होत्या. काजू चालू असताना त्या कुणाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाहीत, पण त्या दोन मिनिटांत त्यांनी मला जे दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. "तेका सोतासाठी सांगशीत तर आयकूचो नाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा काम म्हणून सांग. मगे बघ." आणि फोन ठेवला.

म्हणून मी ठरवलं की चाळीतच शिबिर भरवायचं. सगळ्या चाळीची तपासणी, आप्पा मदतीला, आणि मदत करता करता हळूच त्यांना खुर्चीत बसवायचं. एका माणसाचा दंड रक्तदाबाच्या पट्ट्यात अडकवण्यासाठी चौसष्ट माणसांना गोळा करायचं. कागदावर हे किती सोपं दिसतं!

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात शिबिरांचा विभाग आहे. चिमीला कमरेवर घेऊन मी तिथे गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज पुढे ओढला.

"संस्थेचं नाव? तुमचं पद?"

"सून," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

"सून हे पद नाही, मॅडम."

"आमच्याकडे आहे."

ते हसले नाहीत. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र हवं, शिक्का हवा, आणि किमान पन्नास नावं हवीत, प्रत्येकाच्या नावापुढे वय आणि हुद्दा. तोवर चिमीने त्यांचा शाईचा पॅड उघडून स्वतःच्या दोन्ही गालांवर विभागाची मोहर उठवली होती. दीड वर्षाच्या मुलीला मिळाली ती मला मिळायला पुढे अकरा दिवस लागले.

कारण आमच्या चाळीच्या मंडळाचं लेटरहेड संपलेलं. शिक्का दोन वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरींकडे, आणि ते 'आधी माझा राजीनामा लेखी मंजूर करा' यावर अडून बसलेले. मंजूर करायला लेटरहेड हवं. मंडळाच्या खोलीची किल्ली एकाकडे, कुलूप दुसऱ्याकडे. हे सगळं सोडवू शकेल असा माणूस एकच, मंडळाचे अध्यक्ष अवधूतकाका, दुसरा मजला, सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त. काकांच्या छातीत दोन स्टेंट आहेत आणि ते त्यांनी मिळवलेल्या बढत्यांच्या यादीत धरले जातात. कुणी पाहुणा आला की आधी चहा, मग अँजिओग्राफीची सीडी.

"अहो सूनबाई," काका म्हणाले, "कल्पना उत्तम. पण एक लक्षात घ्या. हृदयविकार हा जबाबदारीतून येतो. रोज तीस-तीस फायलींवर सही करायची, हे काय खायचं काम आहे? मी यावर चार शब्द बोलेन." तिथेच कार्यक्रमपत्रिका जन्माला आली. दीपप्रज्वलन, स्वागत, स्वागतगीत, आणि सहाव्या क्रमांकावर 'जबाबदारी आणि हृदय : एक अनुभव'. मला 'आरोग्य समिती निमंत्रक' असं पत्र मिळालं. ते मी अजून जपून ठेवलं आहे. चिमी झाल्यावर लोअर परळची नोकरी सोडली, तेव्हापासून माझ्या नावाचं पत्र बँकसुद्धा पाठवत नव्हती.

नावं गोळा करायला आप्पा माझ्याबरोबर दारोदार फिरले. मी पुढे, आप्पा मागे चिमीला घेऊन, आणि प्रत्येक जिन्याच्या वळणावर कबूतर. मी प्रत्येक वेळी पेन शोधायच्या निमित्ताने तीन मिनिटं थांबायची. सगळीकडे गाडी अडली ती हुद्द्यापाशी. वॉचमनची नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याने 'सिक्युरिटी इन्चार्ज' लिहायला लावलं. दुधाच्या पिशव्या टाकणारा 'वितरक' झाला. कमळाबाई गेली तीस वर्षं खानावळीचे डबे करतात. त्यांनी आधी 'उद्योजिका' लिहवून घेतलं आणि मग माझ्या अर्जाकडे वाकून म्हणाल्या, "तुझ्यापुढे काय लिहिणार? काही करत नाही म्हण."

सकाळी साडेपाचपासून काही न करता करता मी इतकी दमलेली होते की तसंच लिहायला निघाले. आप्पांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या नावापुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात 'निमंत्रक' लिहिलं. स्वतःच्या नावापुढे मी लिहिलेलं 'लिफ्ट ऑपरेटर' खोडून 'लिफ्टमन' केलं. खरं तर स्वतःचं नाव बघून ते दचकलेच. "माझा कित्याक?" मी म्हटलं, पन्नास भरायला हवीत ना आप्पा, एक कमी पडतंय. झाली होती चौसष्ट. एवढं खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

शिबिर रविवारी होतं. शनिवारी अवधूतकाकांनी सगळे अर्ज हुद्द्याप्रमाणे लावून दिले. स्वतः एक नंबर. मग बँकवाले, क्लार्क, 'वितरक', 'इन्चार्ज'. आप्पा एकसष्ट. माझ्यासकट तीन गृहिणी त्यांच्याही खाली.

"काका, म्हाताऱ्या माणसांना आधी घेऊया ना."

"सूनबाई, धोका कुणाला जास्त, त्यांना आधी घ्यायचं. आणि धोका कुठून येतो, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे."

रविवारी सकाळी मंडळाची खोली भरून गेली. डॉक्टर म्हणून आलेली आकांक्षा माझ्यापेक्षाही लहान दिसत होती. बरोबर तंत्रज्ञ राकेश आणि ईसीजीचं मशीन. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. एकीकडे रक्तदाब सुरू झाला, आणि माझी खरी लढाईही.

पहिल्यांदा मी आप्पांना म्हटलं, "इथे जरा बसा, रांग मोडायला नको." ते बसले. पाचव्या मिनिटाला एक बाई पोटुशी सून घेऊन आल्या. आप्पा उठले. दुसऱ्यांदा मी त्यांच्या हातात थेट पंधरा नंबर दिला. तो त्यांनी सोळा नंबरला दिला, कारण सोळाला दुकान उघडायचं होतं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनाच डोळ्याने खुणावलं. आकांक्षाने हाक मारली, "काका, या." आप्पा धावत गेले आणि तिच्या टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवून परत आले. माणूस चौसष्ट जणांना पाणी देत होता, खुर्च्या लावत होता, दार उघडून 'या, सांभाळून' म्हणत होता. खोलीला दार एकच होतं, पण चौतीस वर्षांची सवय.

या धावपळीत कुणीतरी माझाच दंड पट्ट्यात घातला. एकशे चोपन्न, शहाण्णव. डॉक्टरने दोनदा बघितलं. अवधूतकाकांचा एकशे बत्तीस होता. काकांचा चेहरा पडला. "काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "हिला कसलं टेन्शन?"

मी त्यांच्याकडे बघून हसले. निमंत्रकाला तेवढंच शोभतं.

आता कमळाबाईंचे आभार. उपाशीपोटी साखर तपासून झालेल्या माणसांना तसंच पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. हृदयतपासणीच्या शिबिरात, पोस्टरवरच्या लालभडक हृदयाच्या बरोब्बर खाली, त्यांनी बटाटेवडे तळायला घेतले. गॅस संपला म्हणून विजेची शेगडी लावली. त्याच वेळी, आपलं भाषण उरकून, अवधूतकाका सदरा काढून ईसीजीच्या पलंगावर पहिल्या नंबरने आडवे झाले होते. राकेशने त्यांना वायरी लावल्या, बटण दाबलं आणि फट् करून सगळी चाळ अंधारात गेली.

अंधारात म्हणजे सकाळचे अकरा वाजले होते, पण काकांचं ओरडणं अंधाराला शोभेल असं होतं. ते सगळ्या वायरींसकट उठून बसले. फ्यूज बसवला, शेगडी बंद झाली, मशीन परत लुकलुकू लागलं. राकेश म्हणाला, "काका, लेट जाओ, कुछ नहीं हुआ."

"मुळीच नाही!" काकांनी सदरा छातीशी धरला. "माझ्या आत धातू आहे. आधी दुसऱ्या कुणावर चालवून बघा."

सगळी रांग एक पाऊल मागे सरली. बँकवाल्यांनी घड्याळ बघितलं, सिक्युरिटी इन्चार्ज दरवाज्याच्या सुरक्षेला गेले.  तेवढ्यात पाण्याचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्यावर बघा," आप्पा म्हणाले. "मी मोकळोच आसंय."

मी तो ट्रे लगेच उचलून लांब नेला, परत हातात घ्यायला नकोत.  त्यांनी सदरा काढून नीट घडी घातली, पलंगावर आडवे झाले, आणि काकांकडे मान वळवून म्हणाले, "भियाव नुको सायबानू. पयली फेरी रिकामीच जाता."

राकेशने बटण दाबलं. कागद सरसरत बाहेर आला. राकेशने तो बघितला आणि डोकं खाजवलं. "मशीन गया," तो म्हणाला. वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. परत तसाच कागद. मग त्याने स्वप्नीलला पकडून आडवं केलं. कागद सरळ. राकेशने आप्पांना परत बोलावलं. तोच वाकडा कागद.  त्याने तो कागद गुपचूप डॉक्टरच्या हातात दिला.

आकांक्षाने खुर्ची ओढून आप्पांच्या जवळ घेतली. "काका, जिना चढताना छातीत काही होतं?"

"गॅस आसा."

"थांबावं लागतं?"

"छे छे."

"कबूतर," मी म्हटलं.  "रोज दुसऱ्या मजल्यावर तीन मिनिटं कबूतर बघतात. तिथे कबूतर नाही." आणि मग निमंत्रक, आरोग्य समिती, भर मंडळाच्या खोलीत रडायला लागली. चिमीने ते बघितलं आणि तीही लागली. आप्पा वायरींसकट उठू लागले. "मशीन बिघडला आसात. मी काय सायब आसंय? माका हार्ट..."

"काका, ऐका," डॉक्टर त्यांचा हात धरून म्हणाली. "विलायतेत सरकारी नोकरांना वर्षानुवर्षं तपासलं होतं. सगळ्यात वरच्या साहेबांपासून दारावरच्या माणसापर्यंत. हार्टचं दुखणं साहेबांना कमी निघालं. सगळ्यात जास्त निघालं ते सगळ्यात खालच्यांना. ज्यांना दिवसभर दुसऱ्याच्या घंटीवर वर-खाली करावं लागतं, त्यांना."

आप्पांनी एकेक बोट मिटत तीन मोजले.

"म्हंजे दगडू शिपाई," ते हळूच म्हणाले, "असोच नाय गेलो?"

"नसेल गेला, काका."

त्यानंतर आप्पांनी उठायचा प्रयत्न केला नाही.

ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. अरुंद दरवाज्यातून स्ट्रेचर काढताना मंडळाच्या त्याच भांडकुदळ लोकांनी किल्ली-कुलुपासकट अख्खं दार बिजागऱ्यांतून उचललं. अवधूतकाका अर्ध्या बटणांच्या सदऱ्यात ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या सीटवर चढले आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत ड्रायव्हरला 'लेफ्ट, लेफ्ट' सांगत राहिले. तिथे कुणाला गाठायचं, कुठला फॉर्म आधी भरायचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या दोन स्टेंटचा मी आयुष्यात पुन्हा कधी विनोद करणार नाही. म्हणजे यापुढे.

डॉक्टर म्हणाले, मुख्य नस जवळजवळ बंद होती. आठवडा गेला असता की नाही, सांगता येत नाही. तीन स्टेंट बसले.

वॉर्डात आणल्यावर हे ऐकून आप्पा अस्वस्थ झाले. मला वाटलं दुखतंय. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तीन?"

"हो आप्पा. आता धोका टळलाय."

"अवधूत सायबांचे दोन हत," ते कुजबुजले. "डाक्टरांका सांग, कागदार दोनच लिवा."

बाहेर बाकावर बसलेल्या काकांना मी हे सांगितलं. मला वाटलं हसतील. काका चष्मा पुसत राहिले. "माझ्या ऑफिसातही एक लिफ्टमन होता, सूनबाई," ते म्हणाले. "बावीस वर्षं त्याने मला वर नेलं. कशाने गेला, मी कधी विचारलं नाही."

आता शेवटचं. आप्पांना चौघांनी खुर्चीत बसवून वर घरी आणलं, त्या दिवशी मी पिंप जमिनीवर ठेवलं आणि स्टूल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेऊन मांडलं. अर्थातच तक्रार आली. सामाईक जिन्यात वस्तू ठेवायला नियमाने मनाई आहे. दुसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या लेटरहेडवर परवानगी चिकटवलेली दिसली. खाली अध्यक्षांची सही, आणि अकरा दिवस हुलकावणी देणारा तो शिक्का. खालच्या मजल्यावर खोली मिळवायचीही खटपट काका करत आहेत. तोवर डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसातून एकदा, सावकाश, बसत बसत.

कमळाबाई आता आमच्याकडे बिनतेलाची भाजी आणून देतात. ती गिळायला धैर्य लागतं, पण त्यामागचं मन मला कळतं. माझ्या रक्तदाबावर त्यांनी स्वतःच उपाय काढला आहे. रोज दुपारी तास-अर्धा तास चिमीला त्या सांभाळतात, नाहीतर दारात बसून खलबत्तेवाल्यांना गप्प करतात. आज बहुतेक तेच चाललंय, कारण पस्तीस मिनिटं केव्हाच होऊन गेली.

काल मी आणि आप्पा पहिल्यांदा जिना चढून वर आलो. चिमी माझ्या कडेवर. वळणापाशी मी पेन शोधलं नाही. आप्पा स्टुलासमोर उभे राहिले. त्या स्टुलावर नोकरीची चौतीस अधिक निवृत्तीची आठ, इतकी वर्षं ते टेकले नव्हते. शेवटी बसले, पण अगदी कडेवर, कुणी आलं तर उठता येईल असे. आणि नेमके अवधूतकाका दार उघडून बाहेर आले. आप्पा सवयीने उठू लागले.

"बसा, घाडी," काका म्हणाले, आणि स्वतः कठड्याला टेकून उभे राहिले.

आप्पा अर्धवट उठलेले होते. मग सावकाश, या वेळी पूर्ण, बसले. चिमीने लगेच जाळीकडे बोट केलं. "कबू!"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, एक लांब श्वास घेतला आणि साहेबांच्या देखत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"कबूतर नाय गो बाय. आजो दमलो."